गावाबाहेरचा वाडा

आमच्याकडे 'गावाबाहेर' या शब्दाला एकच अर्थ आहे. वेशीच्या पलीकडे, ओढ्याच्या खालच्या अंगाला, गावाने वापरून सोडलेले पाणी जिथे येते ती जागा म्हणजे गावाबाहेर. तिथे कोण राहते हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. माझा जन्म तिथलाच. माझ्या आईने गावातल्या एकाही वाड्याचा उंबरठा कधी ओलांडला नाही. अंगणे मात्र वर्षानुवर्षे झाडली.

२०२४ च्या उन्हाळ्यात एका परिषदेच्या निमित्ताने इंग्लंडमधील ब्रिस्टल या शहरी दहा दिवस राहणे झाले. राहण्याची सोय विद्यापीठाच्या एका विद्यार्थी-निवासात होती. सुट्टीमुळे मुले घरी गेलेली. एका संध्याकाळी तिथल्या एक प्राध्यापिका मला जवळच्या टेकडीवर घेऊन गेल्या. 'क्लिफ्टन हिल हाऊस' नावाची एक जुनी, फिकट दगडाची, अतिशय रेखीव इमारत त्यांनी दाखवली. आज तिथे विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात. त्या म्हणाल्या, "हे घर बांधलं तेव्हा ही जागा शहराबाहेर होती." मी थबकले. माझ्या कानाने ते 'गावाबाहेर' असेच ऐकले. गावाबाहेर, आणि एवढा वाडा? आम्हांला ज्या शब्दात हद्दपारी ऐकू येते, त्याच शब्दात तिथल्या धनिकाला मोकळी हवा ऐकू येत होती.

त्या वाड्याची हकिगत या लेखात सांगावयाची आहे. हेतू प्रवासवर्णनाचा नाही. ज्या घरात आपल्याला एकेकाळी प्रवेश नव्हता ते घर पुढे विद्यार्थ्यांसाठी उघडले, म्हणजे नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, एवढाच प्रश्न मला तपासून पाहावयाचा आहे. तो प्रश्न जितका ब्रिस्टलचा आहे तितकाच आपलाही आहे.

अठराव्या शतकात ब्रिस्टल हे इंग्लंडमधील फार मोठे बंदर होते. बंदराच्या काठाने साखर शुद्ध करण्याचे कारखाने, काचेच्या आणि पितळेच्या भट्ट्या. भरती ओसरली की उघडा पडणारा चिखल आणि त्याची दुर्गंधी. ज्याच्या हाती पैसा आला तो व्यापारी या धुरातून निघून वर टेकडीवर घर बांधू लागला. क्लिफ्टन हे त्या वेळी शहराच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. शहरात राहून मिळवायचे आणि टेकडीवर राहून उपभोगायचे, अशी ती व्यवस्था. गावाबाहेर जाणे हा तिथे ऐपतीचा भाग होता. आमच्या गावाबाहेर राहण्यात निवड नव्हती, सक्ती होती. अंतर दोन्हीकडे राखले जाते. ते कोण कोणापासून राखतो, यावर सगळे अवलंबून असते.

क्लिफ्टन हिल हाऊस बांधले गेले ते १७४६ ते १७५० च्या दरम्यान. मालक पॉल फिशर. धंद्याने तो कापडाचा व्यापारी. घराचा आराखडा लंडनचा वास्तुरचनाकार आयझॅक वेअर याने केला. पल्लाडिओ या इटालियन वास्तुरचनाकाराचा ग्रंथ त्याने १७३८ साली इंग्रजीत आणला होता, आणि त्या ग्रंथातील प्रमाणबद्धता या घरात दगडावर उतरलेली दिसते. आत छतांवर चुन्याचे नाजूक नक्षीकाम आहे. मागे उताराची बाग. बागेकडून पाहिले की खाली शहर आणि बंदराची दिशा दिसते. ब्रिटिश शासनाने जतन करावयाच्या इमारतींच्या पहिल्या श्रेणीत तिची नोंद केली आहे. वास्तुकलेच्या पुस्तकात घराची हकिगत बहुधा इथेच संपते: मालक अमुक, रचनाकार तमुक, शैली पल्लाडियन.

परंतु आपण हिशेबाची वही मागितली पाहिजे. कापडाच्या व्यापाऱ्याजवळ एवढा पैसा आला कोठून?

फिशरचे नाव अभ्यासकांनी ब्रिस्टलच्या गुलाम-व्यापारात पैसा गुंतवणाऱ्यांत नोंदले आहे. हा व्यापार कसा चाले हे थोडक्यात पाहू. १६९८ साली रॉयल आफ्रिकन कंपनीचा मक्ता मोडला आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना हा धंदा उघडपणे करता येऊ लागला. एक जहाज सजवायचे तर खर्च आणि धोका दोन्ही मोठे. म्हणून अनेक व्यापारी मिळून भागीदारी करीत. कोणी कापड देई, कोणी पितळेची भांडी, कोणी बंदुका व दारूगोळा. हा माल घेऊन जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास जाई. या मालात हिंदुस्थानातल्या विणकरांनी विणलेले कापडही असे. म्हणजे आपल्या कारागिरांच्या नकळत त्यांच्या मागावरचा धागाही या साखळीत ओवला गेला होता. त्या मालाच्या बदल्यात माणसे घेतली जात. ती माणसे जहाजाच्या पोटात साखळदंडांनी जखडून अटलांटिकपार, कॅरिबियन बेटांवर किंवा व्हर्जिनियात विकली जात. वाटेत अनेक मरत. परतीच्या फेरीत साखर, तंबाखू आणि रम. १६९८ ते १८०७ या काळात ब्रिस्टलहून अशा सुमारे दोन हजार फेऱ्या झाल्या आणि जवळजवळ पाच लाख माणसे वाहून नेली गेली, असा अंदाज आहे.

या धंद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. बहुतेक भागीदारांनी आपल्या डोळ्यांनी एकही गुलाम जहाज भरताना पाहिला नसेल. त्यांच्यापुढे होती ती वही. वहीत माणूस आकडा होऊन येतो. हात मळत नाहीत. टेकडीवरच्या बागेत वाऱ्याला उभे राहून माणूस सभ्य राहू शकतो. आपल्याकडचा वतनदारही महाराकडून येसकरी करून घेताना स्वतःला क्रूर समजत नव्हता. रीत आहे, एवढेच तो म्हणे. अन्यायाला रीतीचे किंवा व्यापाराचे रूप दिले की तो करणाऱ्याच्या नजरेआड होतो. सोसणाऱ्याच्या मात्र होत नाही.

त्याच टेकडीवर, अगदी शेजारी, दुसरे एक घर आहे. गोल्डनी हाऊस. तेही आज विद्यार्थी-निवास आहे. त्याचा मालक थॉमस गोल्डनी याने १७०८ साली निघालेल्या 'ड्यूक' आणि 'डचेस' या दोन जहाजांत मोठी रक्कम घातली होती. सरकारी परवान्याने शत्रूची जहाजे लुटणे हे त्यांचे काम. कप्तान वुड्स रॉजर्स. या सफरीत एका निर्जन बेटावर सापडलेल्या अलेक्झांडर सेल्कर्क या खलाशाची १७०९ साली सुटका झाली, आणि त्याच्या हकिगतीचा उपयोग पुढे डॅनियल डिफोला 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिताना झाला, असे मानले जाते. ही कादंबरी १७१९ ची. तिचा संक्षेप आमच्या शाळेच्या वाचनपेटीत होता. क्रूसो बेटावर झोपडी कशी बांधतो, बकऱ्या कशा पाळतो, हे मी पुन्हापुन्हा वाचले. तो ज्या सफरीत बुडाला ती सफर आफ्रिकेतून गुलाम आणण्यासाठी होती, ही गोष्ट मला एम. ए. च्या वर्गात पोहोचल्यावर कळली. संक्षेप करणाऱ्याने नेमके तेवढेच गाळले होते. गोल्डनीच्या मुलाने बागेत शिंपल्यांची एक गुहा बांधली. १७३७ साली आरंभ केलेले ते काम पुरे व्हायला पाव शतकाहून अधिक काळ लागला. दूरदूरच्या किनाऱ्यांवरचे शिंपले आणून भिंती मढवल्या. गुहा खरोखर सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. शिंपल्यांचे किनारे नोंदले जातात. त्या किनाऱ्यांवरून उचलून नेलेल्या माणसांची नावे नोंदली जात नाहीत, एवढेच माझे म्हणणे.

१८०७ साली ब्रिटिश कायद्याने गुलामांचा व्यापार बंद झाला. गुलामी रद्द करणारा कायदा १८३३ चा. त्या कायद्यानुसार दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली. कोणाला? मालकांना. गुलामांना एक पैही नाही. उलट बहुतेकांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले.

फिशरच्या पश्चात घराचे मालक बदलत गेले. १८५१ साली ते जॉन अ‍ॅडिंग्टन सायमंड्स या नामांकित डॉक्टरांनी घेतले. त्यांचा त्याच नावाचा मुलगा पुढे इटलीतील प्रबोधनकाळाचा इतिहासकार म्हणून गाजला. क्लिफ्टनमध्ये स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी जी व्याख्याने सुरू झाली, त्यांत त्याचा सहभाग होता. १८७६ साली ब्रिस्टलला युनिव्हर्सिटी कॉलेज निघाले, तेव्हा वैद्यकाचा अपवाद सोडता स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देण्यात आला. इंग्लंडमध्ये त्या वेळी ही गोष्ट फार मोठी होती. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या त्या १९२० साली, केंब्रिजने १९४८ साली.

पण कॉलेजचे दार उघडले म्हणजे शिक्षणाचे दार उघडले असे होत नाही. मुलगी राहणार कोठे? दूरच्या गावाहून आलेल्या मुलीला खोली कोण देणार, आणि दिली तरी घरची माणसे तिला एकटी पाठवतील काय? स्त्रियांचा प्रवेश कागदावर होता; त्याला छप्पर नव्हते. १९०९ साली ब्रिस्टल विद्यापीठाला राजसनद मिळाली आणि त्याच वर्षी क्लिफ्टन हिल हाऊस हे विद्यार्थिनींचे निवासस्थान झाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील स्त्रियांचे हे पहिले विद्यापीठीय वसतिगृह. यामागे मे स्टेव्हली या बाईंची खटपट होती. त्याच पहिल्या वॉर्डन झाल्या. गुलामांच्या व्यापारात पैसा घालणाऱ्याच्या दिवाणखान्यात मुली पुस्तके घेऊन बसल्या. ज्या घरात बाई आली तर मालकीण म्हणून किंवा मोलकरीण म्हणून, त्या घरात ती प्रथमच स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अभ्यासासाठी राहिली. हा बदल लहान नाही. त्याला लहान म्हणणे हा त्या मुलींवर अन्याय होईल.

पुढे विसाव्या शतकात इंग्लंडमधील अशी शेकडो घरे मालकांना परवडेनाशी झाली. वारसाकर वाढला हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसे मिळेनाशी झाली. कारखान्यात, कचेरीत काम मिळू लागताच मुलींनी मोलकरणीची टोपी उतरवून ठेवली. वाडा भिंतींवर उभा असतो असे आपल्याला वाटते. तो राबणाऱ्या हातांवर उभा असतो. हात निघून गेले की वाडा कोसळतो. कित्येक घरे पाडली गेली. काही शाळा झाली, काही इस्पितळे, काही विद्यार्थी-निवास. गोल्डनी हाऊस विद्यापीठाकडे आले ते १९५० च्या दशकात.

छप्पर म्हणजे काय, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. बारावीनंतर जिल्ह्याच्या गावी शिकायला आले तेव्हा आठ घरांनी मला खोली नाकारली. कोणीही उर्मटपणे बोलले नाही. सगळ्यांनी आधी आडनाव विचारले आणि मग खोली आत्ताच दिली गेल्याचे सांगितले. अखेर मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. एका खोलीत सहाजणी. पंखा एक. पाणी सकाळी पाऊण तास. तिथे मी पहिल्यांदा रात्री बारापर्यंत दिवा लावून वाचले आणि तेल संपेल म्हणून कोणी ओरडले नाही. माझ्या पदवीवर विद्यापीठाचा शिक्का आहे. खरे तर त्या खोलीचाही असावयास हवा होता.

ही खोली मला कोणाच्या दयेने मिळाली नव्हती. तिच्यामागे एक परंपरा आहे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ब्रिस्टलच्या वाड्यात मुली राहू लागल्या, त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने स्थापनेनंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापूरला वसतिगृह सुरू केले. सभेच्या आरंभीच्या कामांतच वसतिगृह का, याचे उत्तर त्या आठ घरांच्या दारांत आहे. शाळेत बसण्याची परवानगी कायदा देऊ शकतो. रात्री पाठ टेकायला जागा समाजाने द्यावयाची असते, आणि समाज ती देत नाही.

म्हणूनच क्लिफ्टनच्या त्या पहिल्या मुलींशी मला नाते वाटले. आणि त्याच क्षणी अस्वस्थही वाटले. त्या मुलींना मिळालेले छप्पर कोणाच्या पाठीवर उभारलेले होते? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्यात बसून त्यांनी हजारो मैलांवरच्या माणसांची बेडी आपल्या बेडीशी ताडून पाहिली. शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. हे नाते आपण सांगतो, लिहितो. मग क्लिफ्टन हिल हाऊसकडे पाहताना मी केवळ दार उघडलेल्या मुलींच्या बाजूने उभी राहून कसे चालेल? ज्यांना त्या घराच्या पायथ्याशीही कधी येता आले नाही, त्यांच्या बाजूनेही उभे राहिले पाहिजे.

ब्रिस्टलमध्ये हा प्रश्न आज उघडपणे विचारला जातो. तो काही विद्वानांच्या कृपेने विचारला जाऊ लागला असे नाही. १९६३ साली तिथल्या बस कंपनीने काळ्या व आशियाई माणसांना वाहक-चालकाच्या नोकऱ्या नाकारल्या, तेव्हा पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी त्याला पाठिंबा देत मोर्चा काढला. ऑगस्ट १९६३ मध्ये कंपनीला नमावे लागले. १९९९ साली बंदरावर पादचाऱ्यांसाठी पूल बांधला त्याला पेरो हे नाव दिले. पेरो हा नेव्हिस बेटावरून १७८३ साली पिनी नावाच्या मळेवाल्याने ब्रिस्टलला आणलेला गुलाम. आणि ७ जून २०२० रोजी एडवर्ड कोल्स्टन या गुलाम-व्यापाऱ्याचा १८९५ पासून चौकात उभा असलेला पुतळा लोकांनी दोर लावून खाली ओढला आणि त्या पेरो पुलाजवळच पाण्यात ढकलून दिला.

त्यानंतर विद्यापीठालाही आपली वही उघडावी लागली. १९०८ साली तंबाखूचे कारखानदार हेन्री ओव्हरटन विल्स यांनी एक लाख पौंडांची देणगी दिली नसती तर विद्यापीठ उभे राहिले नसते. विल्स हे नाव आपल्याला परके नाही. पानपट्टीवरच्या सिगारेटच्या पाकिटावर ते आपण पाहिलेले आहे. या घराण्याने स्वतः गुलाम विकले नव्हते. परंतु त्यांच्या कारखान्यात येणारी अमेरिकेतील तंबाखू दीर्घकाळ गुलामांनी पिकवलेली होती. विद्यापीठाची स्थापना ज्या संपत्तीतून झाली तिच्यापैकी सुमारे ८५ टक्के संपत्ती गुलामांच्या श्रमाशी निगडित होती, असा अंदाज विद्यापीठानेच प्रसिद्ध केला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने निर्णय जाहीर केला: इमारतींची नावे तशीच राहतील, बोधचिन्हातील कोल्स्टनचा डॉल्फिन काढला जाईल, आणि वांशिक विषमता दूर करण्याच्या कार्यक्रमासाठी एक कोटी पौंड खर्च केले जातील.

या निर्णयावर तिथे मतभेद आहेत. नाव पुसावे की राखावे? मला विचाराल तर नाव पुसण्याने हिशेब पुरा होत नाही आणि राखण्यानेही होत नाही. नाव राखावयाचे असेल तर त्यापुढचे वाक्य पुरे लिहिले पाहिजे. दाता कोण, एवढ्यावर न थांबता दात्याला कोणी दिले, हेही त्याच दगडावर, त्याच आकाराच्या अक्षरांत यावयास हवे. आपल्या महाविद्यालयांच्या कोनशिलांनाही हाच नियम लावून पाहावा. देणगीदाराचे नाव असते. त्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांचे नसते. पाया खोदणाऱ्या वडाराचे तर नसतेच.

परत आल्यावर मी आईला वाड्याचे छायाचित्र दाखवले. आईला इंग्लंड म्हणजे काय हे नीट ठाऊक नाही. तिने ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "एवढा मोठा वाडा, बाई. झाडतं कोण?"

मला उत्तर देता येईना. मी ज्या निवासात उतरले होते तिथे रोज सकाळी दोन बायका यायच्या. जिने पुसायच्या, कचरा न्यायच्या. एकदोनदा आमची नजरानजर झाली, त्यांनी सुप्रभात म्हटले, मीही म्हटले. त्या कोणत्या देशाच्या, किती पगारावर, त्यांची मुले शिकतात काय, हे मी विचारले नाही. मला परिषदेला जाण्याची घाई होती. परिषदेत मी श्रम आणि इतिहास या विषयावर निबंध वाचला.

वाड्याचा उंबरठा आपण ओलांडला आहे. तो ओलांडणे आवश्यक होते आणि अजून ज्यांनी ओलांडलेला नाही त्यांच्यासाठी दार धरून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. आज गावोगावी वसतिगृहांच्या जागा अपुऱ्या असताना तर अधिकच. पण आत गेलेल्या माणसाला अंगण दिसेनासे होते, हा वाड्याचा जुना गुण आहे. तो फिशरला लागला होता. तो मलाही दहा दिवसांत लागला. पुढच्या खेपेस, कोठल्याही वाड्यात उतरले तरी, आईचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयाचा, असे मी ठरवले आहे.